लेला लोंबार्डी : अर्ध्या गुणाच्या मानकरी

फॉर्म्युला वन विश्वविजेतेपदाची मोटार शर्यत १९५० मध्ये सुरू झाली. तेव्हापासून आजवर शेकडो चालक या शर्यतींत उतरले. मुख्य शर्यतीत प्रत्यक्ष धावलेल्या महिला मात्र केवळ दोन आहेत आणि दोघीही इटलीच्या आहेत. त्यांपैकी लेला लोंबार्डी यांच्या नावावर अर्धा गुण नोंदलेला आहे. जागतिक अजिंक्यपदाच्या गुणतक्त्यात स्थान मिळवणाऱ्या त्या आजवरच्या एकमेव महिला होत.

लोंबार्डी यांचा जन्म २६ मार्च १९४१ रोजी उत्तर इटलीतील पिएमोंते प्रांतात, फ्रुगारोलो या खेडेगावात झाला. त्यांचे मूळ नाव मारिया ग्राझिया. वडिलांचा मांसविक्रीचा व्यवसाय होता. दुकानातील माल ग्राहकांपर्यंत पोहोचवण्यासाठी त्या गाडी चालवायला शिकल्या. श्रीमंतांच्या या खेळात मांसविक्रेत्याच्या मुलीने पाय ठेवणे, हेच त्या काळात नवलाचे होते. पुढे वृत्तपत्रांनी त्यांना ट्यूरिनची वाघीण असे नाव दिले. त्या ट्यूरिनच्या नव्हत्या, परंतु नाव रूढ झाले ते झालेच.

१९६५ मध्ये त्यांनी फॉर्म्युला मोंझा या प्राथमिक श्रेणीतून सुरुवात केली. १९७० मध्ये फॉर्म्युला ८५० या श्रेणीत त्या इटलीच्या विजेत्या ठरल्या. १९७४ मध्ये त्या ब्रिटनमध्ये फॉर्म्युला ५००० या श्रेणीत दाखल झाल्या. या गाड्यांना पाच लिटर क्षमतेची अवजड अमेरिकी इंजिने असत. सुकाणू हलके करणारी यंत्रणा नव्हती. दंड आणि खांद्यांच्या बळावरच गाडी वळवावी लागे. स्त्रियांना ही गाडी पेलणार नाही, असे मानणाऱ्यांची संख्या मोठी होती. लहान चणीच्या लोंबार्डी यांनी त्या वर्षीच्या अंतिम गुणतक्त्यात पहिल्या पाचांत स्थान मिळवले.

त्याच वर्षी ब्रँड्स हॅच येथील ब्रिटिश ग्रां प्रीसाठी त्यांना ब्रॅबहॅम गाडी मिळाली. पुरस्कर्ता रेडिओ लक्झेंबर्ग असल्याने गाडीचा क्रमांक २०८ ठेवण्यात आला होता. या केंद्राचे प्रसारण मध्यम लहरींवर २०८ मीटरवर ऐकू येत असे. मात्र मुख्य शर्यतीसाठी त्या पात्र ठरू शकल्या नाहीत.

पुढील हंगामात काउंट झानोन या इटालियन उमरावाच्या आर्थिक पाठबळावर त्यांना मार्च संघात स्थान मिळाले. १ मार्च १९७५ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे त्या प्रथमच मुख्य शर्यतीत धावल्या. १९५८ मध्ये मारिया तेरेसा दे फिलिप्पिस धावल्या होत्या. त्यानंतर सतरा वर्षांनी एक महिला तेथपर्यंत पोहोचली. इंधनपुरवठ्यातील बिघाडामुळे लोंबार्डी यांना ती शर्यत अर्धवट सोडावी लागली.

त्यानंतर २७ एप्रिल १९७५ रोजी बार्सिलोना येथील मोन्जुईक मार्गावर स्पेनची ग्रां प्री झाली. मार्गालगतचे लोखंडी कठडे नीट बसवलेले नसल्याने चालकांनी सरावावर बहिष्कार टाकला होता. संघांच्या यंत्रज्ञांनी स्वतः पाने घेऊन बोल्ट आवळले. तत्कालीन विश्वविजेते एमर्सन फिटिपाल्डी यांनी समाधान न झाल्याने माघार घेतली. आघाडीवर असलेल्या रोल्फ श्टोमेलेन यांच्या गाडीचा मागचा पंख तुटला आणि ती कठड्यावर आदळून पलीकडे गेली. या दुर्घटनेत पाच जणांचा मृत्यू झाला, तर श्टोमेलेन गंभीर जखमी झाले. ७५ पैकी २९ फेऱ्यांनंतर शर्यत थांबवण्यात आली. त्या वेळी योखेन मास पहिल्या, तर लोंबार्डी सहाव्या क्रमांकावर होत्या. त्या विजेत्यापेक्षा दोन फेऱ्या मागे होत्या. सहाव्या क्रमांकाला तेव्हा एक गुण मिळत असे. शर्यत अपुरी राहिल्याने नियमानुसार तो अर्धा झाला. मोन्जुईकवर पुन्हा कधीही फॉर्म्युला वनची शर्यत झाली नाही.

हा अर्धा गुण नशिबाचा होता, असे टीकाकार म्हणत आले आहेत. अनेक गाड्या बाद झाल्या आणि शर्यत मध्येच थांबली, हे खरेच आहे. परंतु असा निकष लावायचा तर तो सर्वांना लावावा लागेल. भारताच्या नारायण कार्तिकेयन यांनी २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्रां प्रीत पाच गुण मिळवले. तेव्हा टायरच्या वादामुळे मैदानात केवळ सहा गाड्या होत्या. त्या गुणांचा भारतीयांना अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. बिकट दिवशी शर्यतीत टिकून राहणे हेही चालकाचे कौशल्यच असते.

त्याच वर्षी नुरबुर्गरिंगच्या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या खडतर मार्गावर लोंबार्डी सातव्या आल्या. अनेकांच्या गाड्यांचे टायर फुटत असताना त्यांनी चौदाही फेऱ्या पूर्ण केल्या. तेव्हा पहिल्या सहा जणांनाच गुण मिळत, म्हणून नोंदवहीत या कामगिरीला शून्य आहे. आजच्या पद्धतीत सातव्या क्रमांकाला सहा गुण मिळतात. बार्सिलोनापेक्षा ही शर्यतच त्यांची खरी पारख ठरावी.

तरीही पात्रता फेरीतील त्यांच्या वेळा बहुधा मागच्या रांगांतल्याच होत्या, ही वस्तुस्थिती लपवता येत नाही. त्यांचे सहकारी व्हित्तोरियो ब्राम्बिल्ला यांनी त्याच बनावटीच्या गाडीतून १९७५ ची ऑस्ट्रियाची ग्रां प्री जिंकली. लोंबार्डी मात्र आपल्या गाडीच्या मागील भागात दोष असल्याची तक्रार सातत्याने करत होत्या. वळणावर गाडी हवी तशी वळत नव्हती. संघाला ती सबब वाटली. १९७६ च्या पहिल्या शर्यतीनंतर त्यांची जागा स्वीडनचे नामांकित चालक रॉनी पीटरसन यांना देण्यात आली. नंतरच्या काळात प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, पीटरसन यांनीही तीच तक्रार केल्यावर गाडी उघडून पाहण्यात आली. तेव्हा मागील बाजूच्या मॅग्नेशियमच्या ओतीव भागात तडा आढळला.

जबलपूरच्या रांझी परिसरात लष्करी वाहनांचा कारखाना आणि वाहनांचे ओतीव भाग तयार करणारी फाउंड्री आहे. ओतकामातील तडा वरून दिसत नाही, ताण आल्यावरच तो उघडतो, हे तेथील कामगाराला वेगळे सांगावे लागणार नाही. तो ताण लोंबार्डी यांना सुकाणूवर जाणवत होता. एकाच तक्रारीची दखल कोणी केली यावरून घेतली जात असेल, तर घड्याळात नोंदलेली वेळ ही केवळ चालकाच्या गुणवत्तेची नोंद राहत नाही. दोष वेळीच सापडला असता तर त्या किती पुढे गेल्या असत्या, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

१९७६ मध्ये त्यांनी ब्रॅबहॅम गाडीतून पुन्हा प्रयत्न केला. ऑस्ट्रियात त्या बाराव्या आल्या आणि बारा शर्यतींनंतर त्यांचा फॉर्म्युला वनमधील प्रवास संपला.

त्या थांबल्या नाहीत. ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत १९७७ मध्ये बेल्जियमच्या क्रिस्तीन बेकर्स यांच्यासह त्या अकराव्या आल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतील डेटोना येथे लोंबार्डी, बेकर्स आणि जॅनेट गथ्री या तीन महिला एकाच शर्यतीत पुरुषांबरोबर धावल्या. १९७९ मध्ये ओसेल्ला गाडीतून लोंबार्डी यांनी पेर्गूसा आणि व्हालेलुंगा येथील सहा तासांच्या शर्यती जिंकल्या. १९८१ मध्ये जॉर्जो फ्रांचा यांच्या साथीने मुजेल्लो येथील सहा तासांच्या शर्यतीतही त्यांनी विजय मिळवला. सहचालक पुरुष, प्रतिस्पर्धी बहुतांश पुरुष आणि गाडी निर्दोष. अर्ध्या गुणाच्या चर्चेत या विजयांचा उल्लेख क्वचितच होतो, याचे आश्चर्य वाटते.

मोटार शर्यतीच्या नियमांत स्त्री आणि पुरुष असे वेगळे गट नाहीत. अलीकडच्या काळात मात्र केवळ महिलांसाठीच्या मालिका सुरू झाल्या. २०१९ ते २०२२ या काळात डब्ल्यू सीरिज झाली आणि २०२३ पासून एफ वन अकादमी आली. या मालिकांमुळे मुलींना गाडी आणि पुरस्कर्ते मिळतात, परंतु वेगळ्या रांगेची सवय लागेल, अशी शंकाही घेतली जाते. आपल्याकडे २०२४ मध्ये पुण्याच्या डायना पुंडोले यांनी राष्ट्रीय मोटार शर्यतीत सलून गटाचे अजिंक्यपद मिळवले. या गटात त्यांच्यासमोर पुरुष स्पर्धकही होते.

शर्यतींतून निवृत्त झाल्यावर लोंबार्डी यांनी स्वतःचा शर्यतसंघ उभारला. कर्करोगाने ३ मार्च १९९२ रोजी मिलान येथे त्यांचे निधन झाले. त्या ५० वर्षांच्या होत्या. त्याच्या आदल्याच आठवड्याच्या शेवटी क्यालामी येथे इटलीच्याच जोव्हान्ना आमाती ब्रॅबहॅम गाडीतून पात्रता फेरीत उतरल्या होत्या आणि अपात्र ठरल्या होत्या. तीन शर्यतींनंतर आमाती यांची जागा डेमन हिल यांना देण्यात आली. त्यानंतर फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत एकही महिला उतरलेली नाही.