जाग येते कुठून?

बाबांनी डोळे उघडले तो अतिदक्षता विभागातला नववा दिवस होता. मेंदूत रक्तस्राव होऊन ते बेशुद्ध पडले होते. आम्ही हरखून गेलो. बहिणीने तर भाच्याला पेढे आणायला पिटाळले. पण बाबा आमच्याकडे पाहत नव्हते. डोळे उघडे, नजर मात्र कुठेच नाही. तिथल्या तरुण डॉक्टरांनी शांतपणे समजावले, की जाग आली आहे, जाणीव अजून यायची आहे आणि या दोन गोष्टी वेगळ्या असतात. पेढ्यांचा पुडा पिशवीतच राहिला. त्या दिवसांत मी मेंदूविषयी हाती लागेल ते वाचत सुटलो आणि एका माणसापाशी थबकलो. त्यांचे नाव कॉन्स्टंटिन फॉन इकॉनोमो.

आपल्या मराठीत झोप लागते आणि जाग येते. दोन्ही आपल्या हातातल्या नाहीत, असेच आपण बोलतो. पण जाग येते ती कुठून, हा प्रश्न मेंदूत बोट ठेवून सोडवायला निघालेले हे गृहस्थ मुळात डॉक्टर व्हायचेच नव्हते.

जन्म १८७६ चा, रुमानियातल्या ब्राइला गावी, श्रीमंत ग्रीक घराण्यात. कुटुंब लवकरच ट्रिएस्ट बंदरात येऊन स्थिरावले. वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी व्हिएन्नात दोन वर्षे अभियांत्रिकी केली, मग ती सोडून वैद्यकाची वाट धरली आणि १९०१ मध्ये पदवी घेतली. दुसरे वेड विमानाचे. ऑस्ट्रियाच्या अगदी पहिल्या वैमानिकांत त्यांची गणना होते आणि तिथल्या एरो क्लबचे अध्यक्षपद त्यांनी १९१० पासून सोळा वर्षे सांभाळले. दिवसा सूक्ष्मदर्शक आणि सुट्टीत आकाश! पहिल्या महायुद्धात ते आघाडीवर विमान चालवत होते, पण आईवडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून व्हिएन्नाला परतले आणि डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करू लागले.

तो आग्रह झाला नसता तर? कारण १९१६-१७ च्या हिवाळ्यात त्यांच्या रुग्णालयात विचित्र रोगी येऊ लागले. कुणी जेवता जेवता, घास तोंडात असताना झोपी जाई. हलवून उठवले तर नीट उत्तर देई आणि पुन्हा झोपे. आपल्या कुंभकर्णाला निदान सहा महिन्यांची मुदत होती, इथे काहींची झोप मृत्यूतच संपे. आणि चमत्कारिक गोष्ट म्हणजे त्याच साथीत काही जणांना झोप मुळीच येईना. इटलीत पूर्वी येऊन गेलेल्या अशाच एका झोपेच्या साथीच्या गोष्टी इकॉनोमो यांनी लहानपणी घरात ऐकल्या होत्या. त्या त्यांना आठवल्या. १९१७ मध्ये त्यांनी हा वेगळाच मेंदूज्वर असल्याचे प्रसिद्ध केले. ही साथ पुढे जगभर पसरली, दहाएक वर्षांत ओसरली. तिचे कारण आजही निश्चित झालेले नाही.

दगावलेल्यांचे मेंदू त्यांनी तपासले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. झोपाळू रोग्यांत त्याची मागची बाजू, मध्यमेंदूला जिथे मिळते तिथे, बिघडलेली होती. जागरणाने तळमळणाऱ्यांत पुढची. त्या काळी समज असा, की बाहेरची गडबड थांबली की मेंदू आपोआप निजतो, जणू तेल संपलेला दिवा. इकॉनोमो यांनी तर्क केला तो उलटा. एक भाग आपल्याला जागे ठेवण्याचे काम करतो, दुसरा झोपवण्याचे. मला यात त्यांचा अभियंता दिसतो. यंत्र बंद पडले तर कुठला भाग निकामी झाला, हे तो आधी पाहतो.

१९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून यांनी मेंदूच्या देठातल्या चेतापेशींच्या जाळ्याला विजेचा हलका झटका देऊन पेंगुळलेल्या मांजराच्या मेंदूत जागेपणीच्या लहरी उठवल्या. देठातून निघालेले हे संदेश वर मेंदूभर पोचतात, म्हणून आपण जागे असतो. पण जागेपणी समोरचा माणूस ओळखायचा, तर वरच्या मेंदूच्या घड्या आणि त्यांना जोडणारे थॅलॅमस यांचा आपापसात संवाद हवा. बाबांचे देठ कामाला लागले होते, वरची मंडळी अजून बोलत नव्हती. तेराव्या दिवशी त्यांनी भाच्याला हाक मारली. नाव चुकले, पण हाक त्यालाच होती.

त्या वरच्या घड्यांचाही नकाशा इकॉनोमो यांनी काढला होता. सहकारी कोस्किनास यांच्यासह १९२५ मध्ये छापलेल्या त्या प्रचंड ग्रंथात मेंदूच्या पृष्ठभागाचे १०७ विभाग आहेत. त्यांनी वर्णन केलेल्या चातीसारख्या निमुळत्या पेशी आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

१९३१ मध्ये व्हिएन्नात त्यांच्यासाठी मेंदूसंशोधनाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या ५५ व्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले. दिवसाढवळ्या अचानक झोप कोसळणाऱ्या नार्कोलेप्सी या आजाराचे मूळही हायपोथॅलॅमसमध्येच असावे, असे ते सांगून गेले होते. १९९८ मध्ये तिथेच जाग टिकवणारे ओरेक्सिन हे रसायन सापडले आणि २००० मध्ये, या आजाराच्या मृत रुग्णांच्या मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या आढळल्या.