आनंदीबाई आणि न सापडलेला कागद

आमच्या गंगाखेडच्या वाड्यात वाटणीची बोलणी निघाली की दोषी कोण हे आधीच ठरलेले असे. चुलते एकमेकांच्या अंगावर धावून जात, मोजणी मागत, सहा सहा महिने अबोला धरत. आजी मात्र ओसरीवर सुपारी कातरत एवढेच म्हणे, की धाकटीने कान भरले असणार, आनंदीबाई आहे ती. धाकटी म्हणजे माझी धाकटी काकू. ती आज ऐंशीच्या पुढे आहे. वाटणीत तू नेमके काय मागितले होतेस, असे मी तिला मागच्या दिवाळीत विचारले. विहिरीच्या पाण्याची पाळी, म्हणाली. बाकी काही नाही.

आजीला अक्षरओळख नव्हती. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. पेशव्यांचा शनिवारवाडा तिने चित्रातही पाहिला नसेल. नानासाहेब कोण, माधवराव कोण, हे तिला विचारले असते तर सांगता आले नसते. पण आनंदीबाई तिला पक्की ठाऊक होती. राज्य बुडाले, सनदा गेल्या, आणि ज्या गावात पेशव्यांचे राज्यही नव्हते तिथल्या ओसरीवर ही एक बाई तेवढी शिल्लक राहिली.

जगातल्या क्रूर स्त्रियांची यादी काढायला बसले की काही नावे हटकून येतात. हंगेरीची सरदारीण एर्झेबेट बाथोरी, जिने कितीतरी मुलींचे हाल हाल करून जीव घेतले असे म्हणतात. इंग्लंडची मेरी राणी, जिच्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत पावणेतीनशेच्या वर माणसे धर्मासाठी जाळली गेली. बाथोरीबाईंवर उघड खटला कधी चाललाच नाही. त्यांना वाड्यात कोंडले आणि १६१४ मध्ये त्या तिथेच मेल्या. त्यांच्या नवऱ्याच्या घराण्याचे मोठे कर्ज तिथल्या राजाच्या अंगावर होते, ही गोष्ट माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याच्या नजरेतून सुटत नाही. मेरीच्या बापाने आपल्या दोन राण्यांची मुंडकी उडवली होती, पण रक्तपिपासू हे विशेषण मुलीच्या नावाला चिकटले. आपल्या मराठी मुलखात त्या यादीवर एकच नाव येते.

आनंदीबाई कोकणातल्या ओकांच्या घरच्या, गुहागरकडच्या. राघोबादादांची पहिली बायको जानकीबाई वारल्यावर १७५६ मध्ये त्यांचे लग्न झाले. दादा तेव्हा विशी-बाविशीतले, पराक्रमी. दोनच वर्षांत त्यांनी उत्तरेत मराठी घोडी अटकेपर्यंत नेली आणि राघोभरारी हे नाव मिळवले. अशा माणसाच्या बायकोने आपला नवरा उद्या राज्याचा धनी होईल असे मनात आणले, तर त्यात नवल कसले? पण पानिपत झाले, त्याच वर्षी, १७६१ मध्ये, नानासाहेब गेले आणि पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावांना मिळाली. काका-पुतण्यांचे तेव्हापासून बिनसले. कधी लढाई, कधी गळामिठी. १७६३ मध्ये बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला निजामाविरुद्ध दोघे एकत्र लढले आणि जिंकले. पाच वर्षांनी धोडपच्या किल्ल्याखाली पुतण्याने काकाला धरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. या सगळ्या काळात आनंदीबाई नवऱ्याबरोबर होत्या.

१७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव थेऊरला गेले. नारायणराव पेशवे झाले. वय सतरा, स्वभाव उतावळा. काकांशी सलोखा चार महिनेही टिकला नाही. १७७३ च्या उन्हाळ्यात त्यांना पुन्हा वाड्यातच कोंडले. पहारा इतका कडक, की देवाधर्मालाही बाहेर पडता येईना. दादांचे जुने पक्षपाती, नारायणरावांनी दुखावलेले कारभारी, पगार थकलेले गारदी, यांची गाठ त्याच काळात पडली.

पुढचे सगळ्यांना पाठ आहे. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. घरात गणपती बसलेला. नारायणराव पर्वतीहून परत आले. काहीतरी शिजते आहे अशी कुणकुण त्यांना लागली होती. हरिपंत फडक्यांना त्यांनी बंदोबस्त करायला सांगितलेही होते. तो व्हायच्या आत दुपारी सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसाफ हे गारदी वाड्यात घुसले. पोर धावत काकांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या गळ्याला मिठी घालून राहिले. दादांचाच हुजऱ्या तुळाजी पवार याने त्याला ओढून काढले. चापाजी टिळेकर वाचवायला मध्ये पडला, तोही मेला. अर्ध्या तासात वाड्यात अकरा मुडदे पडले. आमच्या पिढीने हा प्रसंग नाटकांत पाहिला, कथेकऱ्यांकडून ऐकला. १९४४ च्या प्रभातच्या 'रामशास्त्री' चित्रपटात आनंदीबाई झाल्या होत्या ललिता पवार, एवढे सांगितले की भूमिका कशी होती हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता तो कागद. दादांनी गारद्यांना नारायणरावास धरावे असे लिहून दिले होते, आणि आनंदीबाईंनी ध चा मा करून धरावेचे मारावे केले, ही ती गोष्ट. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ती छापली, आणि अक्षर बदलणारा हात आनंदीबाईंचा हे सर्वांचे मत म्हणून सांगितले. त्याचे पुस्तक १८२६ चे, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी आलेले. पुढे आपल्या संशोधकांनी पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल सोडले, पण खाडाखोड केलेला तो हुकूम कोणाच्या हाती लागला नाही.

माझी सगळी नोकरी खाडाखोड पाहण्यात गेली. चेकवरचा आकडा गिरवलेला असेल तर तेव्हा खातेदाराची पुरी सही लागे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे ८७ वे कलम सांगते, की महत्त्वाचा बदल संमतीशिवाय झाला की कागद रद्द. तेव्हा हा बदल मी कागदावर करून पाहिला. ध चा म एकवेळ होईल. पण मा ला काना लागतो आणि कान्याला जागा लागते. मोडीत तर शब्दही सुटे नसतात, ओळीला चिकटून सलग चालतात. आजूबाजूला दाटी न करता ते अक्षर बसवणे सोपे नाही. आणि ज्यांना हुकूम द्यायचा ते गारदी. त्यांच्यातले किती जण मोडीच्या एका अक्षरावर अडून बसले असते?

रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली. दोषी निघाले जवळजवळ पन्नास. त्यांत गारदी होते, तसे ब्राह्मण कारकून आणि कारभारीही होते. मुख्य अपराधी म्हणून त्यांनी बोट ठेवले ते राघोबादादांवर. देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरे नाही, असे त्यांना तोंडावर सांगून शास्त्रीबोवांनी पुणे सोडले. इतका स्पष्ट निकाल आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल. तरी लोकांनी पन्नासांची नावे विसरून एकाच बाईचे लक्षात ठेवले. दादांना आपण भोळे, बायकोच्या आहारी गेलेले ठरवून सोडून दिले. बोलतानासुद्धा पहा. गोपिकाबाई त्या, रमाबाई त्या, आनंदीबाई मात्र ती.

त्यांना काही माहीत नव्हते, असे मी म्हणणार नाही. एका वाड्यात, एका कैदेत राहून कट कळला नसेल हे पटत नाही. पुतण्याला धरून नवऱ्याला गादीवर बसवायचे, इथपर्यंत त्यांची संमती असेलही. पण माहीत असणे वेगळे आणि अक्षर बदलणे वेगळे. गोष्टीत हत्यार म्हणून लेखणी आली, हे मला जास्त बोचते. बाईला लिहिता येते, म्हणजे घात करता येतो. आमच्याकडे मुलींच्या शाळेचा विषय निघाला की जुनी माणसे ध चा मा ची आठवण काढत. हसत हसतच काढत, पण काढत.

मीही काढली आहे. १९८७ ची गोष्ट, मी नुकताच अधिकारी झालो होतो. परभणी जिल्ह्यातल्या एका शाखेत सेव्हिंगच्या लेजरमध्ये एका खात्यावर एकाचा सात झालेला आढळला. सहा हजारांचा फरक. पोस्टिंग शाखेतल्या एकुलत्या एक बाईंचे होते. चहाच्या वेळी मी म्हणालो, आमच्या शाखेत ध चा मा झाला. सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे नाव आनंदीबाई पडले. शिपायापर्यंत सगळे तेच म्हणत, त्यांच्या माघारी आणि पुढे समोरही. चार महिन्यांनी इन्स्पेक्शनमध्ये निघाले, की आकडा बदलला होता आमच्यातल्याच एकाने. चहाला सगळ्यात मोठ्याने हसणारा तोच. त्याच्यावर कारवाई झाली, बाईंचे नाव मात्र गेले नाही. शेवटी त्यांनी बदली मागून घेतली. त्या लेजरच्या पानावर तपासणाऱ्याची सही होती, आणि ती माझी होती. न पाहता केलेली. मला कोणी कसले नाव दिले नाही. निरोप समारंभाचे भाषण मीच केले, आणि त्यातही या गोष्टीबद्दल अवाक्षर काढले नाही.

शनिवारवाड्यातली ती सत्ता आनंदीबाईंना पुरते वर्षभरही लाभली नाही. नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस आणि सखारामबापूंच्या बारभाईंनी तिला पुरंदरावर ठेवले आणि १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले. दादा उत्तरेकडे पळाले. आनंदीबाईही गरोदर. त्यांना धारच्या किल्ल्यात मागे ठेवून दादा गुजरातेत गेले. १० जानेवारी १७७५ ला धारलाच बाजीराव झाला. नवरा सुरतेला इंग्रजांशी तह करण्यात गुंतलेला, आणि ही बाळंतीण परक्या किल्ल्यात. आमच्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलीला माहेरी नेतात, तिथे चुलीपाशी चार बायका असतात. धारच्या किल्ल्यात काय असेल?

पुढची सात वर्षे त्या तहांच्या कागदांवर फिरत राहिल्या. सुरत, पुरंदर, वडगाव, सालबाई. शेवटी दादांना महिना २५,००० रुपयांची नेमणूक झाली आणि कोपरगाव मिळाले. तिथे ११ डिसेंबर १७८३ ला ते वारले. आनंदीबाई तेव्हाही गरोदर होत्या. चिमाजी बापाच्या माघारी जन्मला. मग दहा वर्षे नाना फडणिसांच्या पहाऱ्यात, दोन मुलगे आणि दत्तक अमृतराव यांना घेऊन. अखेरीस नाशिकजवळ आनंदवल्लीला. गावाचे हे नाव त्यांच्यावरूनच पडले असे सांगतात. मी तिथे जाऊन आलो आहे. गोदेच्या काठी नवश्या गणपतीचे देऊळ आहे, आणि लोक त्याचे नाते दादा-आनंदीबाईंच्या नवसाशी जोडतात. रांगेत पुष्कळ बायका होत्या. थोडे वर गंगापूर. मारल्या गेलेल्या नारायणाची आई गोपिकाबाई तिथे राहत असत. दोघींच्याही दाराखालचे पाणी पैठण, राक्षसभुवन करीत आमच्या गंगाखेडला येते.

१७९४ च्या मार्चमध्ये आनंदीबाई आनंदवल्लीला वारल्या. मुलांना तिथून हलवून जुन्नरला पहाऱ्यात ठेवले. त्यांचा बाजीराव १७९६ मध्ये शनिवारवाड्यात पेशवा म्हणून गेला.