जनरल वासालु इ सिल्वा : एका शरणागतीची कथा

पोर्तुगीज राजवटीचे गोव्यातील अखेरचे गव्हर्नर जनरल मानुएल आंतोनियु वासालु इ सिल्वा यांचे नाव गोमंतकातील जुन्या पिढीस सुपरिचित आहे. नव्या पिढीस ते केवळ शरणपत्रावर सही करणारा अधिकारी एवढ्यापुरतेच ठाऊक असते. परंतु त्या सहीमागे एका सैनिकाने आपल्या विवेकाशी केलेला झगडा होता व त्याची किंमत त्याने पुढे अनेक वर्षे मोजली. म्हणून त्यांच्या चरित्राचा हा अल्प परिचय.

वासालु इ सिल्वा यांचा जन्म १८९९ साली पोर्तुगालमधील तोर्रिश नोव्हश या गावी झाला. तेथील नामवंत लेखिका व स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या मारिया लामश या त्यांच्या भगिनी होत. भगिनीने सालाझारच्या हुकूमशाहीस उघड विरोध केला व त्यापायी कारावासही सोसला. बंधूने मात्र लष्कराची वाट धरली आणि अभियंता म्हणून नाव मिळविले. १९५८ च्या अखेरीस त्यांची गोव्याचे गव्हर्नर जनरल म्हणून नेमणूक झाली. पेशाने अभियंता असल्याने रस्ते व सार्वजनिक बांधकामे यांत त्यांचे मन विशेष रमे.

तथापि ते ज्या राजवटीचे प्रतिनिधी होते, ती राजवट जुलमी होती हे विसरून चालणार नाही. १९५५ साली निःशस्त्र सत्याग्रहींवर याच राजवटीने गोळ्या झाडल्या होत्या. श्री. मोहन रानडे यांच्यासारखे स्वातंत्र्यसैनिक वासालु इ सिल्वा यांच्या कारकीर्दीतही तुरुंगातच खितपत होते. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून साबरमती या भारतीय प्रवासी बोटीवर गोळीबार झाला आणि संघर्ष अटळ ठरला.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्याच्या सीमेवर जमू लागले. सुमारे पंचेचाळीस हजार भारतीय सैनिकांपुढे पोर्तुगीज शिबंदी साडेतीन हजारांच्या आसपास होती. तिच्यापाशी लढाऊ विमान एकही नव्हते आणि समुद्रावर मोठी अशी एकच युद्धनौका, आफोंसु द आल्बुकेर्क. त्याच सुमारास तिमोरहून लिस्बनला जाणारी इंडिया ही बोट मुरगांव बंदरात आली. कोणासही बोटीवर चढू देऊ नये असा लिस्बनचा आदेश होता. गव्हर्नरांनी तो मानला नाही. ३८० उतारूंच्या त्या बोटीत सुमारे ७०० युरोपीय नागरिक दाटीवाटीने बसवून त्यांनी रवाना केले. वरिष्ठांच्या आज्ञेपेक्षा माणसांचे प्राण मोलाचे मानण्याची ही पहिली खूण होय.

१४ डिसेंबर रोजी सालाझारचा संदेश आला. त्याचा आशय असा की, शरणागती अथवा युद्धबंदी होणे नाही. पोर्तुगीज सैनिक एकतर विजयी व्हावेत, नाहीतर धारातीर्थी पडावेत. निदान आठ दिवस तरी झुंज द्यावी, म्हणजे तेवढ्या अवधीत जगाचे लक्ष वेधता येईल, अशी त्यामागील अपेक्षा होती. लष्करी नसलेल्या जुन्या पोर्तुगीज वास्तूही नष्ट कराव्यात असा हुकूम होता. त्यानुसार पणजीच्या आदिलशाही वाड्याशी पेट्रोलची पिंपे आणून ठेवण्यात आली होती. गव्हर्नरांनी ती जाळपोळ होऊ दिली नाही. आपल्या पूर्वजांच्या कर्तृत्वाची साक्ष आपल्याच हातांनी पुसणे त्यांना मान्य नव्हते.

१७ डिसेंबरच्या रात्रीनंतर भारतीय फौजा गोव्यात शिरल्या. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले, आफोंसु द आल्बुकेर्क निकामी झाली. पोर्तुगीजांनी मागे हटताना पूल उडविले. त्यात बाणास्तारी व बोरी येथील पूलही गेले, तरी भारतीय जवान पाण्यातून वाट काढीत पुढे आले. मोल्यावरून फोंड्याच्या रोखाने येणाऱ्या तुकड्यांच्या वाटेवरच आपली देवालये आणि वस्त्या होत्या. गावोगाव लढाई लांबती तर काय ओढवले असते, याचा विचार प्रत्येकाने करून पाहावा.

ठरलेल्या योजनेप्रमाणे पोर्तुगीज सैन्याने मुरगांवच्या चिंचोळ्या भूभागावर अखेरचा मोर्चा धरावयाचा होता. परंतु त्याच भूभागावर वास्को शहर वसलेले, आणि ते नागरिकांनी गजबजलेले. जमीन, सागर व आकाश अशा तिन्ही बाजूंनी होणाऱ्या माऱ्यात त्या लोकांचा संहार अटळ होता. दोन्ही सैन्यांच्या बळातील तफावत आणि वास्कोच्या रहिवाशांवर ओढवणारे प्राणसंकट ही कारणे नमूद करूनच वासालु इ सिल्वा यांनी आपल्या सैन्यास गोळीबार थांबविण्याचा आदेश दिला. १९ डिसेंबर रोजी रात्री साडेआठच्या सुमारास त्यांनी शरणपत्रावर सही केली. साडेचारशे वर्षांची राजवट दोन दिवसांत संपली. दोन्ही बाजूंचे मिळून जे बळी गेले, त्यांची संख्या शेकड्यांच्या घरात गेली नाही. मृत्यू एकाचा असला तरी तो दुःखदच. पण अनर्थ टळला तो या निर्णयामुळे.

पुढील काही महिने ते आपल्या तीन हजारांहून अधिक सैनिकांसमवेत युद्धकैदी होते. मे १९६२ मध्ये कैद्यांची सुटका झाली. मायदेशी त्यांचे स्वागत झाले ते तिरस्काराने. त्यांच्या नावावर कोटी करून, डगमगणारा आणि वाचविणारा अशा अर्थाने, व्हासिला इ साल्व्हा असे त्यांस कुचेष्टेने म्हटले जाई. मार्च १९६३ मध्ये त्यांना अन्य काही अधिकाऱ्यांसह लष्करातून बडतर्फ करण्यात आले. सैनिकास मरणापेक्षा अपकीर्ती अधिक झोंबते. ती त्यांनी अकरा वर्षे सोसली.

एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळली आणि नव्या राजवटीने त्यांचा हुद्दा त्यांस सन्मानपूर्वक परत केला. १९७४ च्या अखेरीस झालेल्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. उभय देशांचे संबंध सुरळीत झाल्यावर वासालु इ सिल्वा गोव्यास पुन्हा येऊन गेले. ज्या भूमीचे ते परके शासक होते, त्या भूमीतील लोकांनी त्यांचे आपुलकीने आतिथ्य केले. १९८५ साली लिस्बन येथे त्यांचे देहावसान झाले.

गोव्याचे स्वातंत्र्य हे स्वातंत्र्यसैनिकांच्या त्यागाचे व भारतीय जवानांच्या पराक्रमाचे फळ होय. त्या श्रेयात अन्य कोणी वाटेकरी नाही. परंतु न्याय हा प्रतिपक्षासही द्यावा लागतो. लढण्याची आज्ञा पाळून मरणे सैनिकास शिकविलेले असते. निरपराध प्रजेसाठी ती आज्ञा मोडणे व तिचे प्रायश्चित्त मुकाट्याने भोगणे कोणी शिकवीत नाही. मुरगांवच्या त्या रात्री एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या सेनानीने ते केले, म्हणून वास्कोतील कित्येक घरांत दुसऱ्या दिवशीही चुली पेटल्या. हे ऋण गोमंतकीयांनी मोकळ्या मनाने मान्य करावे.