संत जॉन हेन्री न्यूमन आणि डब्लिनचे विद्यापीठ

१ नोव्हेंबर २०२५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, पोप लिओ चौदावे ह्यांनी संत जॉन हेन्री न्यूमन ह्यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून घोषित केले. संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या जोडीने शिक्षणकार्याचे आश्रयदाते होण्याचा मानही त्यांना देण्यात आला. शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्या प्रत्येक भाविकाला ह्या बातमीने आनंद झाला असेल. मात्र न्यूमन ह्यांचे चरित्र वाचताना एक गोष्ट मनाला चटका लावून जाते. ज्यांना आज आपण शिक्षणाचे आश्रयदाते मानतो, त्यांनी आयर्लंडमध्ये मोठ्या कष्टाने उभारलेले विद्यापीठ त्यांच्या हयातीत फळाला आले नाही. चार वर्षांतच त्यांना ते कार्य सोडून परतावे लागले. त्या अपयशाची आणि त्यातून पुढे उगवलेल्या पिकाची ही कथा आहे.

ऑक्सफर्ड ते लिटलमोर

जॉन हेन्री न्यूमन ह्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८०१ रोजी लंडन येथे झाला. सहा भावंडांत ते थोरले. वडील बँकेचे भागीदार होते. १८१६ साली ती बँक बुडाली आणि कुटुंबावर संकट कोसळले. त्याच वर्षी, पंधराव्या वर्षी, न्यूमन ह्यांना परमेश्वराच्या सान्निध्याचा असा खोल अनुभव आला की त्याची खूण जन्मभर पुसली गेली नाही. पुढे ते ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. अतिश्रमाने थकून गेल्यामुळे १८२० सालच्या अंतिम परीक्षेत त्यांना अगदीच सामान्य यश मिळाले. परंतु दोनच वर्षांनी, १८२२ साली, ओरिएल कॉलेजने त्यांची बुद्धिमत्ता पारखून त्यांना फेलो म्हणून निवडले. परीक्षेतील गुण आणि माणसाची खरी योग्यता ह्यांत किती अंतर असू शकते, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातूनच जाणले होते.

अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू ह्या नात्याने १८२८ पासून ते ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चचे प्रमुख होते. त्यांची प्रवचने ऐकण्यासाठी विद्यार्थ्यांची गर्दी होत असे. १८३३ साली सुरू झालेल्या 'ऑक्सफर्ड चळवळी'चे ते अग्रणी बनले. आद्य ख्रिस्ती धर्मपित्यांच्या ग्रंथांचा अभ्यास करता करता त्यांची पावले हळूहळू कॅथलिक ख्रिस्तसभेकडे वळली. १८४१ साली त्यांच्या एका पुस्तिकेवरून मोठे वादळ उठले आणि ते लिटलमोर ह्या लहानशा गावात प्रार्थना व अभ्यास करीत राहू लागले. १८४५ च्या ऑक्टोबरमध्ये मुसळधार पावसात भिजत एक इटालियन पॅशनिस्ट धर्मगुरू त्यांच्या दारी पोहोचले. ते होते धन्यवादित डॉमिनिक बार्बेरी. ९ ऑक्टोबर रोजी त्यांच्या हस्ते न्यूमन ह्यांचा कॅथलिक ख्रिस्तसभेत स्वीकार झाला.

ह्या निर्णयाची किंमत मोठी होती. ओरिएलचे फेलोपद गेले, जिवलग मित्र दुरावले, घरच्या नात्यांतही कडवटपणा आला. ज्या ऑक्सफर्डवर त्यांनी जिवापाड प्रेम केले, ते १८४६ साली सोडल्यानंतर सुमारे तीन दशके त्यांनी तेथे पाऊल ठेवले नाही. १८४७ साली रोम येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८४८ साली त्यांनी संत फिलिप नेरी ह्यांच्या परंपरेतील ऑरेटरी ह्या धर्मगुरूंच्या संघाची इंग्लंडमध्ये स्थापना केली. पुढे बर्मिंगहॅम हेच त्यांचे घर झाले.

आयर्लंडची व्यथा

त्या काळी आयर्लंड ब्रिटिश राजवटीखाली होते. बहुसंख्य जनता कॅथलिक होती. परंतु डब्लिनमधील १५९२ साली स्थापन झालेले ट्रिनिटी कॉलेज प्रॉटेस्टंटांच्या हाती होते. १७९३ पासून कॅथलिक विद्यार्थ्यांना तेथे पदवी घेता येऊ लागली, तरी फेलोपदाची दारे त्यांना बंदच होती. डॅनियल ओकॉनेल ह्यांच्या लढ्यामुळे १८२९ साली कॅथलिकांना संसदेत प्रवेश मिळाला. आता त्यांना वकील, डॉक्टर, अभियंते आणि लोकप्रतिनिधी हवे होते. ते घडणार कोठे, हा प्रश्न होता.

१८४५ साली सरकारने बेलफास्ट, कॉर्क व गॉलवे येथे क्वीन्स कॉलेजे स्थापण्याचा कायदा केला. ह्या कॉलेजांत धर्मशिक्षणाला अधिकृत स्थान नव्हते. त्याच वर्षी बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भयंकर दुष्काळाला सुरुवात झाली. त्यात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि दहा लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला. अशा होरपळलेल्या देशातील बिशपांनी १८५० साली थर्ल्स येथील धर्मसभेत क्वीन्स कॉलेजांना विरोध केला आणि रोमच्या सूचनेनुसार स्वतंत्र कॅथलिक विद्यापीठ उभारण्याचे ठरविले. त्यासाठी चर्चच्या दाराशी वर्गणी गोळा झाली. दुष्काळातून नुकत्याच सावरणाऱ्या गोरगरिबांनी आपली नाणी त्या पेटीत टाकली. आपल्या मुलांनी श्रद्धा न गमावता शिकावे, एवढीच त्यांची आकांक्षा होती.

न्यूमन ह्यांची व्याख्याने

ह्या कामासाठी आर्चबिशप पॉल कलन ह्यांनी १८५१ साली न्यूमन ह्यांना पाचारण केले. १८५२ च्या मे व जून महिन्यांत न्यूमन ह्यांनी डब्लिनमध्ये विद्यापीठाच्या स्वरूपाविषयी पाच व्याख्याने दिली. ती आणि त्यांनी लिहिलेली इतर व्याख्याने मिळून पुढे १८७३ साली 'द आयडिया ऑफ अ युनिव्हर्सिटी' हा ग्रंथ सिद्ध झाला. उच्च शिक्षणाविषयी विचार करणाऱ्यांना आजही ह्या ग्रंथाकडे वळावे लागते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. विद्यापीठ म्हणजे सर्व ज्ञानाचे घर. परमेश्वराविषयीचे ज्ञान हे जर खरे ज्ञान असेल, तर त्याला घराबाहेर ठेवून ते घर पूर्ण होऊ शकत नाही. उलट ती जागा रिकामी राहिली, तर दुसरी शास्त्रे आपली मर्यादा ओलांडून ती व्यापू पाहतील. मात्र ह्याचा अर्थ विज्ञानाला धर्माच्या धाकात ठेवावे, असा नव्हे. सत्य एकच असल्यामुळे प्रत्येक शास्त्राने आपल्या क्षेत्रात निर्भयपणे शोध घ्यावा. घाईने भिऊन जाण्याचे कारण नाही, असे ते सांगत. विद्या ही केवळ पोट भरण्याचे साधन नसून मनाची मशागत आहे, असे ते मानीत. त्याच वेळी ते एक इशाराही देत. सुसंस्कृत बुद्धी म्हणजे पावित्र्य नव्हे. माणसाचा अहंकार व वासना ह्यांना नुसते शिक्षण आवरू शकत नाही. त्यासाठी देवाची कृपाच लागते.

केवळ परीक्षा घेऊन पदव्या देणाऱ्या विद्यापीठाविषयी त्यांना फारसा आदर नव्हता. गुरू आणि शिष्य, तसेच विद्यार्थी आणि विद्यार्थी ह्यांच्या सहवासातून माणूस घडतो, अशी त्यांची श्रद्धा होती. लंडन विद्यापीठाच्या ज्या परीक्षाप्रधान धर्तीवर १८५७ साली आपले मुंबई विद्यापीठ सुरू झाले, तीच धर्ती न्यूमन ह्यांना अपुरी वाटत होती.

लहानसा आरंभ

४ जून १८५४ रोजी, पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशी, न्यूमन ह्यांनी रेक्टरपदाची शपथ घेतली. ३ नोव्हेंबर १८५४ रोजी सेंट स्टीफन्स ग्रीन ह्या चौकातील ८६ क्रमांकाच्या घरात विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांची संख्या वीसदेखील नव्हती.

न्यूमन खचले नाहीत. विद्यार्थ्यांनी लहान लहान निवासगृहांत मार्गदर्शकांच्या सोबतीने राहावे, अशी व्यवस्था त्यांनी केली आणि एका निवासगृहाची जबाबदारी स्वतः घेतली. १८५५ साली सेसिलिया स्ट्रीटवर वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी पुढे सायंकाळचे वर्ग भरू लागले. आयरिश इतिहास व पुरातत्त्व ह्यांसाठी त्यांनी युजीन ओकरी ह्या विद्वानाला अध्यासन दिले आणि स्वतः इंग्रज असूनही त्यांच्या व्याख्यानांना ते श्रोता म्हणून बसत. १ मे १८५६ रोजी, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, विद्यापीठाच्या चर्चचे उद्घाटन झाले. जॉन हंगरफर्ड पोलन ह्यांनी बायझंटाईन शैलीत उभारलेले ते चर्च आजही त्याच चौकात उभे आहे.

मतभेदांचे काटे

परंतु अडचणी डोंगराएवढ्या होत्या. सरकारने विद्यापीठाला सनद दिली नाही; त्यामुळे त्याच्या पदव्यांना मान्यता नव्हती. ज्या पदवीला बाजारात किंमत नाही, तिच्यासाठी मध्यमवर्गीय पालक आपल्या मुलांना कसे पाठविणार? वैद्यकीय विद्यालय तेवढे भरभराटले, कारण तेथील विद्यार्थ्यांना अन्य मान्यताप्राप्त संस्थांच्या परीक्षा देऊन व्यवसायाचा परवाना मिळविता येत असे.

खुद्द बिशपांतही एकमत नव्हते. ट्यूअमचे आर्चबिशप जॉन मॅकहेल ह्यांचा विरोध होता. आर्चबिशप कलन ह्यांना शिस्त आणि धर्मगुरूंची देखरेख महत्त्वाची वाटे. न्यूमन ह्यांना प्रापंचिकांचा सहभाग तितकाच महत्त्वाचा वाटे. विद्यापीठाच्या हिशेबांची जबाबदारी प्रापंचिकांच्या समितीकडे सोपवावी, असा आग्रह त्यांनी धरला. ज्यांच्या पैशावर संस्था चालते, त्यांचा तिच्यावर विश्वास बसला पाहिजे, हे त्यांना कळत होते. तो आग्रह मान्य झाला नाही. पत्रांना महिनोन्महिने उत्तरे मिळत नसत.

आणखी एक अपमान त्यांनी मुकाट्याने सोसला. १८५४ च्या सुरुवातीला त्यांना बिशप करण्यात येणार असल्याचे जाहीर झाले. स्नेह्यांकडून भेटवस्तूही येऊ लागल्या. परंतु ती नेमणूक कधीच झाली नाही आणि न्यूमन ह्यांनी त्याबद्दल कोणाकडे विचारणा केली नाही.

बर्मिंगहॅमची ऑरेटरीही त्यांच्याच खांद्यावर होती. दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळण्यासाठी त्यांनी पन्नासहून अधिक वेळा आयरिश समुद्र ओलांडला. अखेर १८५८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

उपेक्षा आणि गौरव

पुढील वर्षे कठीण होती. १८५९ साली त्यांनी श्रद्धेच्या बाबतीत प्रापंचिकांच्या मताला असलेल्या स्थानाविषयी एक लेख लिहिला आणि रोममध्ये त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. त्याच वर्षी त्यांनी बर्मिंगहॅममध्ये मुलांसाठी ऑरेटरी शाळा सुरू केली. १८६४ साली आपल्या प्रामाणिकपणावर झालेल्या आरोपाला उत्तर देताना त्यांनी 'अपोलोजिया' हे आत्मचरित्र लिहिले आणि प्रॉटेस्टंट वाचकांच्याही मनातील किल्मिष दूर झाले. १८७७ साली ट्रिनिटी कॉलेजने त्यांना आपले पहिले मानद फेलो केले. १८७९ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी त्यांना कार्डिनलपद बहाल केले. ११ ऑगस्ट १८९० रोजी बर्मिंगहॅम येथे त्यांनी देह ठेवला.

बीज रुजले

डब्लिनमधील रोपटे मात्र मेले नव्हते. १८८० साली सरकारने परीक्षा घेणारे रॉयल विद्यापीठ स्थापन केले आणि कॅथलिक विद्यार्थ्यांना मान्यताप्राप्त पदवीचा मार्ग मोकळा झाला. १८८२ साली सेंट स्टीफन्स ग्रीन येथील संस्थेला युनिव्हर्सिटी कॉलेज हे नाव मिळाले आणि १८८३ साली तिची धुरा येशूसंघीय धर्मगुरूंनी घेतली. न्यूमन ह्यांनी ज्यांना १८६६ साली कॅथलिक ख्रिस्तसभेत स्वीकारले होते, ते कवी फादर जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स येथे ग्रीक शिकवीत असत आणि १८८९ साली डब्लिनमध्येच निवर्तले. कादंबरीकार जेम्स जॉइस १८९८ ते १९०२ ह्या काळात येथेच शिकले. सेसिलिया स्ट्रीटचे विद्यालय शतकाच्या अखेरीस आयर्लंडमधील मोठ्या वैद्यकीय विद्यालयांत गणले जाऊ लागले.

१९०८ च्या कायद्याने आयर्लंडचे राष्ट्रीय विद्यापीठ जन्माला आले आणि युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन हे त्याचे घटक बनले. ओकरी ह्यांनी जेथे आयरिश विद्येचा पाया घातला, तेथेच डग्लस हाइड हे प्रॉटेस्टंट विद्वान आयरिश भाषेचे प्राध्यापक झाले आणि १९३८ साली ते आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९६० च्या दशकात विद्यापीठ शहराबाहेरील बेलफील्डच्या विस्तीर्ण परिसरात हलू लागले. वीसही विद्यार्थी नसलेल्या त्या संस्थेत आज तीस हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बेलफील्डचे विद्यापीठ आज कॅथलिक संस्था नाही. ते सर्वांना खुले असे सार्वजनिक विद्यापीठ आहे. न्यूमन ह्यांनी मध्यभागी ठेवलेली ईश्वरज्ञानाची जागा तेथे नाही. म्हणून त्यांचे स्वप्न जसेच्या तसे साकार झाले, असे म्हणता येत नाही. परंतु ज्या समाजाला ज्ञानमंदिराच्या उंबरठ्यावर ताटकळत ठेवण्यात आले होते, त्याची मुले आत आली आणि पुढे देशाची धुरा वाहू लागली. न्यूमन ह्यांचे विचार तर आयर्लंडच्या सीमा ओलांडून जगभरच्या शिक्षणसंस्थांत पोहोचले. प्रापंचिकांविषयीच्या ज्या मतांमुळे त्यांना त्रास झाला, त्यांना दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या शिकवणुकीत मानाचे स्थान मिळाले.

१९ सप्टेंबर २०१० रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी बर्मिंगहॅम येथे न्यूमन ह्यांना धन्यवादित घोषित केले. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्याच दिवशी केरळच्या मरियम थ्रेसिया ह्याही संत झाल्या, हा आपल्या भारतीयांसाठी विशेष आनंदाचा योग.

आपल्या धर्मग्रामांतही शाळा आहेत, कॉलेजला जाणारी मुले आहेत आणि त्यांच्यासाठी पोटाला चिमटा घेणारे आईवडील आहेत. मुलांनी उत्तम शिकावे, ही आपली धडपड योग्यच आहे. परंतु त्या शिक्षणात देवासाठी जागा उरली आहे काय, आणि आपली श्रद्धा प्रश्नांना सामोरी जाण्याइतकी अभ्यासू आहे काय, असे दोन प्रश्न संत न्यूमन आपल्यापुढे ठेवतात. आपल्या कष्टांचे फळ आपल्याच डोळ्यांनी दिसेल, असे नाही. डब्लिन सोडताना न्यूमन ह्यांनाही ते दिसले नव्हते. मातीत पडलेल्या गव्हाच्या दाण्याची चिंता धनी वाहतो, ह्या विश्वासाने ते बोटीत चढले आणि बर्मिंगहॅमच्या आपल्या कामाला लागले.

९ ऑक्टोबर हा संत जॉन हेन्री न्यूमन ह्यांचा स्मरणदिन. त्या दिवशी आपल्या शिक्षकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी आपण त्यांची मध्यस्थी मागू या.