कोयनेल आणि पाटी : डॉ. आंजेलो चेल्ली

हिवतापाचा विषय निघाला की आम्ही शिक्षक वर्गात सर रोनाल्ड रॉस यांचे नाव सांगतो. 1897 साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात त्यांना या रोगाचे जंतू दिसले, तेव्हा ते योग्यच आहे. परंतु औषध ठाऊक असणे निराळे आणि ते गरिबाच्या मुलाच्या पोटात जाणे निराळे. या दुसऱ्या कामासाठी आयुष्य वेचणारे इटलीचे डॉ. आंजेलो चेल्ली आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाहीत.

त्यांचा जन्म 1857 साली मध्य इटलीतील काल्यी या गावी झाला. पुढे ते रोमच्या विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. मार्कियाफावा या सहकाऱ्याबरोबर त्यांनी 1885 साली रक्तातील या जंतूला प्लाझ्मोडियम हे नाव दिले. तेच आजही चालते. एखादा एवढ्यावर थांबला असता.

चेल्ली मात्र रोमबाहेरच्या मैदानात हिंडू लागले. डोंगराळ भागातून मजुरांची कुटुंबे हंगामाला तेथे उतरत व गवताच्या झोपड्यांत राहत. मुले पिवळी पडलेली, पानथरी वाढून पोटे फुगलेली. कोयनेल बाजारात होते, पण मजुराला परवडत नव्हते. चेल्ली संसदेचे सभासद होते. त्यांच्या व मित्रांच्या खटपटीने 1900 साली कायदा झाला. सरकारनेच कोयनेल तयार करावे आणि मीठ-तंबाखूच्या सरकारी दुकानांतून स्वस्तात विकावे, असे ठरले. पुढे गरिबांना व मजुरांना ते फुकट मिळू लागले. (आपल्याकडेही इंग्रजी अमदानीत टपाल कचेऱ्यांतून कोयनेलच्या पुड्या विकल्या जात.)

अडचण राहिली ती मुलांची. कोयनेल कडूजहर, मूल थुंकून टाकी. यावर तोड निघाली. कोयनेलचा एक क्षार, टॅनेट, पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून जिभेला कडू लागत नाही. तो चॉकलेटात घालून मुलांना देऊ लागले. तापाच्या हंगामात रोज थोडी मात्रा पोटात गेली, की रक्तात शिरलेले जंतू वाढण्यापूर्वीच मरत आणि ताप चढत नसे. हा झाला प्रतिबंध. ताप आलेल्या मुलाला मोठी मात्रा, हा उपचार.

पण एका जातीचे जंतू यकृतात दडून बसतात, तेथे कोयनेल पोहोचत नाही. म्हणून आज रक्त तपासून त्या जातीच्या तापावर तीन दिवस क्लोरोक्विन आणि दडलेल्या जंतूंसाठी चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. मात्रा मुलाच्या वजनावर डॉक्टर ठरवतात. तान्ह्या मुलांना प्रायमाक्विन देत नाहीत. माझ्या वर्गातील एका मुलाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, घरच्यांनी उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून दिल्या, आणि दोन महिन्यांनी पोर पुन्हा हुडहुडी भरून बाकावर आडवे झाले. ऐन परीक्षेचे दिवस होते ते.

नेमकी हीच गोष्ट चेल्ली यांना मैदानात दिसली. वाचता न येणाऱ्या आईबापांना सरकारी गोळीचा भरवसा वाटत नव्हता. तेव्हा 1904 पासून चेल्ली, त्यांच्या पत्नी आन्ना (या जर्मन परिचारिका होत्या) आणि काही ध्येयवेड्या मित्रांनी त्या झोपड्यांतच शाळा काढल्या. रात्रीच्या आणि रविवारच्या, कारण इतर वेळी मुले शेतात राबत. रोमहून शिक्षक चालत, गाडीने, मिळेल तसे जात. पाटीवर अक्षरे गिरवून घेत आणि कोयनेल का घ्यायचे तेही समजावीत.

1900 च्या सुमारास इटलीत हिवतापाने वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास माणसे मरत. 1914 पर्यंत हा आकडा पुष्कळच खाली आला. त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला चेल्ली वारले. पहिल्या महायुद्धात कोयनेल अपुरे पडले आणि ताप पुन्हा बळावला. इटली हिवतापमुक्त म्हणून जाहीर झाली ती 1970 साली. रोमच्या मैदानातील हिवतापाचा चेल्ली यांनी लिहिलेला इतिहास त्यांच्यामागे, 1925 साली प्रसिद्ध झाला.