विश्लेषण : स्वमग्न मुलांच्या ‘सर्व्हिस डॉग’साठी दारे कोणी उघडली?

अमेरिकेत स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलासोबत प्रशिक्षित सर्व्हिस डॉग असेल, तर त्याला हॉटेल, दुकान किंवा बसच्या दारात अडवता येत नाही. या हक्काची पायवाट पाडली ती नॅशव्हिल शहरातील एका अंध तरुणाने. मॉरिस फ्रँक आणि त्यांची कुत्री ‘बडी’ यांची ही कहाणी.

दृष्टी कशी गेली?

फ्रँक यांचा जन्म १९०८चा. सहाव्या वर्षी घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागून एक डोळा गेला. सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात दुसराही गेला. त्यांची आईही अंध होती. लहानपणी तिला वाट दाखवणाऱ्या फ्रँक यांना आता स्वतःलाच आधार लागू लागला. कॉलेज करता करता ते विमा विकत. सोबतीला पगारी मुलगा होता, पण त्याला कंटाळा आला की फ्रँक अडकून पडत.

कुत्र्याची कल्पना कुठून आली?

पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्र्यांना प्रशिक्षण दिले जात होते. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास करणाऱ्या अमेरिकी डोरोथी युस्टिस यांनी त्यावर १९२७मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये लेख लिहिला. वडिलांनी तो वाचून दाखवताच फ्रँक यांनी युस्टिस यांना पत्र धाडले. आपल्याला असा कुत्रा मिळाला, तर देशातील इतर अंधांनाही शिकवू, असे त्यांनी कळवले.

१९२८मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले. तेथे मिळालेल्या कुत्रीचे ‘किस’ हे नाव बदलून त्यांनी ‘बडी’ ठेवले. केवळ कुत्री तयार असून भागणार नव्हते. तिच्या हार्नेसच्या ओढीवरून रस्ता ओळखायला फ्रँक यांनाही शिकावे लागले. धोका दिसल्यास आज्ञा मोडून थांबायचे, हा बडीच्या शिकवणीचा महत्त्वाचा भाग होता.

खरी कसोटी कोणती?

त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या वर्दळीच्या वेस्ट स्ट्रीटवर, पत्रकारांच्या देखत, बडीने त्यांना रस्ता पार करून दिला. मोहीम फत्ते झाल्याची तार फ्रँक यांनी युस्टिस यांना केली. रस्ता जिंकला, तरी दारे बंदच होती. रेल्वे आणि हॉटेले कुत्र्याला आत घेत नसत.

जानेवारी १९२९मध्ये नॅशव्हिल येथे ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली. तिच्यासाठी फ्रँक बडीला घेऊन देशभर फिरले. १९३५पर्यंत रेल्वे कंपन्यांनी मार्गदर्शक कुत्र्यांना डब्यात मालकाजवळ राहू देण्याचे धोरण स्वीकारले. १९५६पर्यंत सर्व राज्यांत सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाचे कायदे झाले. बडी १९३८मध्ये गेली. फ्रँक यांच्या पुढच्या प्रत्येक कुत्र्याचे नाव ‘बडी’च राहिले. १९८०मध्ये फ्रँक यांचे निधन झाले.

स्वमग्न मुलांशी संबंध काय?

१९९०च्या अमेरिकी अपंगत्व कायद्याने अंधांपलीकडील अपंगांनाही हा हक्क मिळाला. १९९६मध्ये स्थापन झालेल्या कॅनडातील ‘नॅशनल सर्व्हिस डॉग्ज’ने स्वमग्न मुलांसाठी कुत्री तयार करण्यात पुढाकार घेतला. अनेक संस्थांच्या पद्धतीत मुलाच्या कमरेचा पट्टा कुत्र्याला जोडतात आणि कुत्र्याची दोरी पालकाच्या हातात असते. मूल अचानक रस्त्याकडे धावले, तर कुत्रा जागेवर रोवून उभा राहतो. मूल बिथरले, तर अंगावर भार देऊन त्याला शांत करतो.

पालकांनी काय लक्षात घ्यावे?

घरातला लळा लावणारा कुत्रा आणि सर्व्हिस डॉग यांत कायदा फरक करतो. विशिष्ट कामाचे प्रशिक्षण असेल तरच प्रवेशाचा हक्क मिळतो. कुत्र्यासाठी बऱ्याचदा मोठा खर्च आणि काही वर्षांची प्रतीक्षा करावी लागते. तो घरी आल्यावर आईवडिलांनाही शिकावे लागते. फ्रँक यांनाही आधी शिकावे लागले होते, बडी नंतर मिळाली ती त्यामुळेच कायमची.