विश्लेषण : पोलादावरील आयातशुल्क आणि गहाण पडलेला हिरा… दोराबजी टाटांची १९२४ची लढाई काय होती?

परदेशी पोलादावर जादा शुल्क लावावे का, हा वाद सध्या जगभर सुरू आहे. अमेरिकेने २०१८मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देत पोलाद आयातीवर २५ टक्के शुल्क लावले. भारतात हाच वाद शंभर वर्षांपूर्वी, ब्रिटिश अमलात रंगला होता. त्याच्या केंद्रस्थानी होते दोराबजी टाटा.

दोराबजी कोण होते?

जमशेटजी टाटांचे हे थोरले पुत्र. जन्म मुंबईत, २७ ऑगस्ट १८५९ रोजी. पोलाद कारखान्यासाठी त्यांनी आधी चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा पालथा घातला. लोहाऱ्याचे खनिज चांगले होते, पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा भट्टीसाठी योग्य नव्हता. अखेर मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसानीच्या खनिजामुळे साकची ही जागा ठरली. जमशेटजींचे १९०४मध्ये निधन झाले आणि ही जबाबदारी दोराबजींवर आली. लंडनच्या बाजारात भांडवल मिळाले नाही. तेव्हा १९०७मध्ये सुमारे ८ हजार भारतीय गुंतवणूकदारांनी तीन आठवड्यांत ते उभे केले. फेब्रुवारी १९१२मध्ये पोलादाचे उत्पादन सुरू झाले.

सुरक्षेचा मुद्दा कुठून आला?

पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारा माल आटला. मेसोपोटेमियासह अनेक आघाड्यांवरील लोहमार्गांसाठी सुमारे १,५०० मैल रूळ या कारखान्याने पुरवले. युद्धकाळात देशात पोलाद असणे किती मोलाचे, हे सरकारला कळून चुकले. व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी १९१९मध्ये साकचीचे नाव जमशेदपूर केले.

मग कारखाना संकटात का सापडला?

युद्धानंतर मोठा विस्तार हाती घेतला गेला, त्याचा खर्च वाढत गेला. त्याच वेळी बेल्जियम, जर्मनीचे स्वस्त पोलाद बंदरांत उतरू लागले. १९२४मध्ये कामगारांचे पगार देण्याइतकेही पैसे उरले नाहीत. दोराबजींनी सुमारे एक कोटी रुपयांची वैयक्तिक संपत्ती इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवून कर्ज उभारले. पत्नी मेहेरबाई यांचा २४५ कॅरेटचा ज्युबिली हिराही त्यात होता.

संरक्षण कोणत्या अटींवर मिळाले?

संरक्षण सरसकट नव्हते. उद्योगाला नैसर्गिक अनुकूलता हवी, मदतीशिवाय तो वाढू शकत नसावा आणि पुढे स्वतःच्या पायावर उभा राहू शकावा, या वित्तीय आयोगाच्या कसोट्या होत्या. देशाच्या संरक्षणासाठी आवश्यक उद्योगांना मात्र आयोगाने वेगळे स्थान दिले होते. टॅरिफ बोर्डाने या कसोट्यांवर पोलादाची चौकशी केली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे अर्थतज्ज्ञ वामन गोविंद काळे त्या बोर्डाचे सदस्य होते. जून १९२४मध्ये कायदा झाला. आयात पोलादावर टनामागे ठरावीक शुल्क लागले. रुळांच्या किमती आधीच्या करारांनी बांधलेल्या असल्याने तिथे शुल्काचा उपयोग नव्हता. त्यामुळे पहिल्या वर्षी टनामागे ३२ रुपये अनुदान मिळाले. मुदत होती मार्च १९२७पर्यंत.

किंमत कोणी मोजली?

शुल्काचा भार ग्राहकावर पडला आणि अनुदान सरकारी तिजोरीतून गेले. तरीही दिलासा अपुरा ठरला, कारण युरोपातील चलने घसरली आणि आयात आणखी स्वस्त झाली. १९२७च्या कायद्याने तर ब्रिटिश पोलादाला कमी शुल्काची सवलत दिली. साम्राज्याच्या हिताची ही तरतूद राष्ट्रवादी सदस्यांना रुचली नाही.

पुढे काय झाले?

कारखाना सावरला, कर्जही फिटले. दोराबजींचे ३ जून १९३२ रोजी जर्मनीत निधन झाले. त्यापूर्वीच त्यांनी आपली संपत्ती विश्वस्त निधीला दिली होती. हिराही पुढे विकला गेला. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय याच निधीतून उभे राहिले. पोलादाचे संरक्षण १९४७मध्ये संपले, तेव्हा उद्योगाला त्याची गरज उरली नव्हती. शुल्काची मागणी आज पुन्हा होत असताना १९२४चे तीन प्रश्न कायम आहेत : मुदत किती, अटी कोणत्या आणि मालकाने स्वतः काय पणाला लावले?